नाडगावची वाट : आईबरोबर खानदेशातले चार दिवस

आईनं आजवर स्वतःहून कुठे जायचं म्हटलं असेल तर ते पंढरपूर आणि माहेर, दोनच. यंदा दिवाळी झाली आणि एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता तिनं तिसरं नाव घेतलं. "मला एकदा नाडगाव पाहायचंय."

नाडगाव म्हणजे प्रतिभाताई पाटलांचं जन्मगाव. जळगाव जिल्ह्यात, बोदवडला लागून. 19 डिसेंबर 1934 ला तिथे जन्मलेली मुलगी 25 जुलै 2007 ला देशाची पहिली महिला राष्ट्रपती झाली. आईचं माहेर त्याच मुलखात, बोदवडपासून थोडं आत. लग्न होऊन नाशिकला येईपर्यंत ती तिथेच वाढली, पण नाडगावात तिचं पाऊल कधी पडलं नव्हतं. "काम काय असणार तिथं? गाडीतून जाताना लोक बोट दाखवायचे तेवढंच."

आई आता 71 वर्षांची आहे. गुडघे कुरकुरतात, पण बसतील तोवर बसतील. मी चार दिवस रजा टाकली आणि तारखा मुद्दाम अशा धरल्या की परतीच्या दिवशी 19 डिसेंबर यावा. ताईंना त्या दिवशी 90 वर्षं पूर्ण होणार होती.

पहिला दिवस, सोमवार 16 डिसेंबर 2024 : नाशिकरोड ते जळगाव

सकाळची गाडी. मनमाड गेलं की आईचा चेहरा बदलायला लागतो, हे मी लहानपणापासून पाहत आलेय. चाळीसगाव, पाचोरा ही नावं ती स्टेशन यायच्या आधी म्हणते. खिडकीबाहेर कपाशीची शेतं होती. पहिल्या वेचण्या झालेल्या, झाडं काळपट पडलेली आणि वर कुठे कुठे फुटलेली बोंडं. "फरदड ठेवलीय वाटतं," ती म्हणाली. म्हणजे कपाशी न उपटता आणखी वेचण्यांसाठी राखलेली. पन्नास वर्षं नाशिकला राहून तिच्या तोंडची द्राक्षं अजून पाहुणी आहेत, कापूस मात्र घरचा.

जळगावला उतरलो तेव्हा दुपार झाली होती. जेवण शेवभाजी आणि भाकरीचं. तर्री पाहून मी दचकले. आईनं वाटी तोंडाला लावली.

जळगावात मला मूळजी जेठा महाविद्यालय पाहायचं होतं. एम. जे. कॉलेज म्हटलं की रिक्षावाला पुढचं काही विचारत नाही. प्रतिभाताईंचं शालेय शिक्षण जळगावच्या आर. आर. विद्यालयात झालं आणि एम. ए. या कॉलेजात, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र घेऊन. टेबल टेनिस त्या उत्तम खेळायच्या, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत बक्षिसं मिळवलेली. पुढे मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून वकिली केली आणि जळगावच्या कोर्टात उभ्या राहिल्या. 1962 हे साल तर मला फार आवडतं. त्या वर्षी त्या कॉलेजात 'कॉलेज क्वीन' निवडून आल्या आणि त्याच वर्षी जळगावातून आमदार म्हणूनही निवडून आल्या. वय 27. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झालेली, राज्याची ती पहिलीच विधानसभा निवडणूक. त्याच वर्षी चीनचं युद्ध झालं, तेव्हा जिल्ह्यात महिलांचं होमगार्ड पथक त्यांनी उभं केलं.

रिक्षा फाटकापाशी थांबली. पोरापोरींची जा-ये चालली होती. मी पर्स सावरून उतरले. आई जागची हलेना.

"चल ना आई, आत जाऊन येऊ."

"आपलं काय काम तिथं? इथूनच दिसतंय की."

खूप विनवलं. नाही म्हणजे नाहीच. रिक्षातूनच तिनं इमारत पाहिली, झाडं पाहिली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "चला दादा." मला जरा राग आला, आणि मग रात्रभर चुटपुट लागून राहिली. कारण तिला फाटकातून आत जाववत नाही याचं कारण मला ठाऊक आहे.

दुसरा दिवस, मंगळवार 17 डिसेंबर : भुसावळ, बोदवड, नाडगाव

सकाळी एसटीनं भुसावळ आणि तिथून बोदवड. कंडक्टरनं मशीनमधून दोन अर्धी तिकिटं काढून हातात दिली. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आईला आता त्याची सवय झालीय. तरी दर वेळी ती तिकीट डोळ्यांजवळ नेऊन आकडा वाचते आणि नीट घडी करून बटव्यात ठेवते.

बोदवडला उतरून रिक्षानं नाडगाव. इथे येऊन काय पाहायचं हे खरं तर आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. पाटी नको होती, स्मारक नको होतं. आईला फक्त तिथे उभं राहायचं होतं. गाव या भागातल्या कुठल्याही गावासारखं: रस्त्याच्या कडेला कपाशीच्या काड्यांच्या भाऱ्यांचे ढीग, दारापुढे उन्हात वाळत घातलेली तूर, ओसरीवर गाठोड्यात बांधलेला कापूस. पाराजवळ एक आजोबा उन्हं खात बसले होते. त्यांनी आईकडे पाहून विचारलं, "कोन्या गावच्या तुम्ही?"

आईनं माहेरचं नाव सांगितलं. बस्स, मग पुढचा अर्धा तास मी तिथे नव्हतेच. कोणाची कोण, कोण कुणाकडे दिलेली, कोण वारलं. आईची बोली बघता बघता पालटली. 'मला'चं 'मले' झालं आणि 'तिथं'चं 'तठी'. शेवटी आजोबांनी विचारलं, "अन् आज काय पाहाले आल्या?"

"प्रतिभाताईंचं गाव पाहाले."

ते हसले नाहीत. मान डोलावली. 2007 च्या जुलैत इथे काय होतं ते त्यांनी सांगितलं. दिवसातून कितीतरी तास वीज नसण्याचे ते दिवस, त्यामुळे शपथविधीच्या वेळी लाईट जाते की काय हीच सगळ्यांना धास्ती. गेली नाही. गल्लीतल्या एकाच टीव्हीपुढे बाया आधी बसल्या आणि माणसं दारात उभी राहिली. "आमच्या गावात असं पहिल्यांदा झालं, बाया पुढं अन् आम्ही मागं," ते म्हणाले. दिल्लीतल्या त्या दिवसाचं याहून चांगलं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही.

इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी. प्रतिभाताईंची वाटचाल झोपडीतून महालात अशी सांगतात, ती तशी नाही. वडील नारायणराव पाटील वकील होते, घर जाणतं होतं, चार लोकांत मान होता. पण त्या काळी जाणत्या घरांतल्याही किती मुली कॉलेजात गेल्या? घरात वकिली असणं वेगळं आणि मुलीला वकील करणं वेगळं. 1934 साली खानदेशातल्या खेड्यात जन्मलेल्या मुलीला जळगावला शाळेत ठेवायचं, मग कॉलेजात, मग मुंबईला कायद्याला, यातल्या प्रत्येक टप्प्यावर 'आता पुरे' म्हणणारे दहा जण भेटले असणार. घरानं ते ऐकलं नाही. मला त्यांच्या सगळ्या प्रवासात हाच टप्पा सर्वांत अवघड वाटतो. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत त्यांना 6,38,116 मतमूल्य पडलं आणि समोर भैरोसिंह शेखावतांसारखा कसलेला नेता असून त्याला 3,31,306. पण त्याआधी बरीच वर्षं घरातल्या घरात एक निवडणूक झाली असणार, आणि ती एका मतानं जिंकली गेली असणार. वडिलांच्या.

आईच्या घरी ते मत विरुद्ध पडलं.

हे तिनं मला संध्याकाळी शेतात सांगितलं, म्हणजे पुन्हा सांगितलं. तुकड्यातुकड्यांनी मी ते आयुष्यभर ऐकत आलेय. मुक्काम मामेभावाकडे होता. थंडी पडली की तिकडे भरिताशिवाय पाहुणचार होत नाही. दादानं बांधावर कपाशीच्या काड्या पेटवल्या. हिरवी-पांढरी लांबट वांगी, एकेक वीतभर, जाळात सारली. काड्यांचा जाळ भडकतो आणि पटकन बसतो, म्हणून एक माणूस सतत काड्या सारत राहतो. वांग्याची साल काळी पडून तडकली, आतून वाफ फुसफुसत बाहेर आली की वहिनी ते उचलून परातीत टाकायच्या, आणि आई बोटं पाण्यात बुडवत बुडवत भराभर साल काढायची. भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण लाकडी बडजीत ठेचून त्यात वांगी. मग ती बडजी दोन पायांत धरून दादा बुक्क्यानं चेचत राहिला, तार सुटेपर्यंत. वर तेलात परतलेले शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. केळीच्या पानावर भरीत आणि कळण्याची भाकरी. अंधार पडला, थंडी वाजायला लागली तरी कोणी उठेना.

तेव्हा आई बोलायला लागली. 1967 साल. ती सातवी फायनल पास होऊन वर्ष झालेलं. गावात शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीला बोदवडला जायचं म्हणजे पायी किंवा कोणाच्या गाडीनं, ओढा ओलांडून. मास्तर दोनदा घरी आले. आजोबा गप्प राहिले आणि आजी म्हणाली, "पोरीले एवढ्या दूर कशी धाडू?" विषय संपला. आई कापूस वेचायला जायला लागली.

त्याच वर्षी निवडणूक आली. प्रतिभाताई आता एदलाबाद मतदारसंघातून उभ्या होत्या. एदलाबाद म्हणजे आजचं मुक्ताईनगर. बोदवड तेव्हा स्वतंत्र तालुका नव्हता. एक दिवस गावाच्या चौकात सभा झाली. बाया लांबून, देवळाच्या ओट्यामागून ऐकत होत्या. "काय बोलल्या ते काही आठवत नाही मला," आई म्हणाली. "पण डोक्यावरचा पदर जराही ढळला नाही, आणि माणसं खाली बसून ऐकत होती. एवढं मात्र पाहिलं."

विस्तव विझत आला होता. दादानं आणखी चार काड्या टाकल्या.

तिसरा दिवस, बुधवार 18 डिसेंबर : मुक्ताईनगर, कोथळी, चांगदेव

सकाळी साडेसातला दादानं मोटरसायकलवरून दोन फेऱ्या करून आम्हाला बोदवड स्टँडवर सोडलं. आईला गप्पांतून उठवता उठवता आमची पहिली गाडी हुकली होती. पण बरं झालं हुकली.

स्टँडवर मुलीच मुली. निळे, राखाडी, चॉकलेटी गणवेश, दोन वेण्या, पाठीवर दप्तरं, गळ्यात अडकवलेले पास. एकेक गाडी येत होती आणि वीस-पंचवीस मुली खाली उतरून बोलत बोलत शाळेच्या रस्त्याला लागत होत्या. आई बाकड्यावर बसून पाहत होती. एक मुलगी तिच्याशेजारी बुटाची लेस बांधायला टेकली.

"कितवीला गं?"

"अकरावी, आजी. सायन्स."

"गाव कोणतं?"

तिनं सांगितलं ते आईच्या माहेराच्या शेजारचंच गाव, त्याच ओढ्यापलीकडचं.

"रोज येते?"

"हो. पास हाये ना."

"किती पडतात महिन्याचे?"

"काहीच नाही. मुलींना फुकट असतो बारावीपर्यंत."

अहिल्याबाई होळकर योजनेचा पास. ती मुलगी लेस बांधून पळाली. आई बराच वेळ त्या रस्त्याकडे पाहत होती. मी काही विचारलं नाही. खेड्यातली मुलगी पुढे कशी जाते यावर भाषणं पुष्कळ होतात. माझ्या मते त्यातलं निम्मं उत्तर सकाळी साडेसातच्या गाडीत आहे.

मुक्ताईनगरला दहाच्या सुमारास पोचलो. 1967 ते 1985, सलग चार वेळा या मतदारसंघानं प्रतिभाताईंना निवडून दिलं. त्या वर्षांत त्या काय काय झाल्या हे मी बसमध्ये आईला वाचून दाखवत होते, तेव्हा पुढच्या सीटवरचे दोघे वळून ऐकायला लागले. 1967 ला उपमंत्री, 1972 पासून कॅबिनेट मंत्री. समाजकल्याण, आरोग्य, शिक्षण, पुढे नगरविकास आणि गृहनिर्माण. 1979-80 मध्ये काही महिने विधानसभेत विरोधी पक्षनेत्या. 1985 ला राज्यसभेवर, नोव्हेंबर 1986 पासून दोन वर्षं तिथल्या उपसभापती. मग प्रदेश काँग्रेसच्या अध्यक्ष. 1991 ला सासर असलेल्या अमरावतीतून लोकसभा. नोव्हेंबर 2004 मध्ये राजस्थानच्या राज्यपाल, तिथल्या पहिल्या महिला. आणि 2007. लढवलेली एकही निवडणूक त्या हरल्या नाहीत.

1962 ते 2007, म्हणजे 45 वर्षं. लोकांना वाटतं दिल्लीनं एक दिवस अचानक नाव काढलं. नाव अचानक निघालंही असेल, पण त्यामागे सचिवालयातल्या फायली, सभागृहातल्या रात्री आणि खड्ड्यांच्या रस्त्यांवरचे दौरे होते. पायरी न गाळता चढलेलं माणूस होतं ते.

पुढच्या सीटवरचे एक काका म्हणाले, "सगळंच चांगलं नका सांगू, ताई." बरोबर होतं त्यांचं. 2007 च्या निवडणुकीत त्यांच्याशी जोडलेल्या महिला सहकारी बँकेवरून आणि इथल्या साखर कारखान्यावरून विरोधकांनी बरंच काही काढलं. बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं 2003 मध्येच रद्द केला होता. राष्ट्रपतिपदाच्या काळात परदेश दौऱ्यांच्या खर्चावर टीका झाली. पुण्यातल्या जागेवरून वाद झाला आणि ती जागा त्यांनी सोडली. हे सगळं घडलेलं आहे. त्याच बरोबर बांभोरीचं इंजिनिअरिंग कॉलेज, मुंबई-दिल्लीतली नोकरी करणाऱ्या स्त्रियांची वसतिगृहंही त्यांच्याच श्रमसाधना ट्रस्टची. काकांना मी दोन्ही सांगितलं. ते म्हणाले, "मग ठीक."

मुक्ताईनगरला लागूनच कोथळी. मुक्ताबाईचं जुनं मंदिर इथलं. शके 1219 मध्ये, वैशाख वद्य दशमीला तापीकाठी वीज कडाडली आणि मुक्ताबाई गुप्त झाली अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. आषाढीला तिची पालखी इथूनच पंढरपूरला निघते. बुधवार असल्यानं गर्दी नव्हती. दोन म्हाताऱ्या वाती वळत बसल्या होत्या. आई गाभाऱ्यासमोर टेकली ती उठेचना.

या कोथळीची आणखी एक ओळख आहे. रक्षा खडसे 2010 मध्ये इथल्या सरपंच झाल्या, मग जिल्हा परिषदेवर गेल्या, 2014 ला रावेरमधून खासदार आणि जून 2024 मध्ये केंद्रात राज्यमंत्री. त्यांच्याही मागे राजकारणातलं मोठं घर आहे, सासरे एकनाथ खडसे. पक्ष वेगळा, काळ वेगळा. पण सरपंचपदाच्या खुर्चीवर बाई बसणं ही गोष्ट 1992 च्या 73 व्या घटनादुरुस्तीनंतर एवढी सवयीची झाली की आता कोणी मान वळवून पाहत नाही. आईच्या तरुणपणी गावाच्या पंचायतीत बाई म्हणजे झाडायला येणारी. त्यावरून विचार करत होते: एकाच मुलखातून दोन बायका दिल्लीत पोचल्या. एकीच्या वेळी पहिली पायरी आमदारकीची होती, कारण त्याखाली बाईला पायरीच नव्हती. दुसरीला गावातच पायरी मिळाली. फरक मला इथे दिसतो.

दुपारी काळीपिवळीनं चांगदेवला गेलो. तापी आणि पूर्णा इथे एकमेकींना मिळतात. पुढे हतनूरचं धरण आहे, 41 दरवाजांचं, त्याचं पाणी मागे तुंबून इथवर पसरतं. त्यामुळे संगम वाहताना दिसत नाही, नुसतं रुंद, स्तब्ध पाणी दिसतं. काठावर चांगदेवाचं काळ्या दगडाचं देऊळ, पुरातत्त्व खात्यानं जपलेलं. आम्ही पायऱ्यांवर बसलो. खाली कोळ्याची एक होडी संथ चालली होती.

चांगदेवाची गोष्ट आईनंच सांगितली, मला पाठ असूनही. चौदाशे वर्षांचा योगी, ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसला, पण मायना काय लिहावा ते सुचेना; वयानं लहान, ज्ञानानं मोठा. शेवटी कोरंच पत्र धाडलं. पुढे त्यानं गुरू केलं ते चिमुरड्या मुक्ताबाईला. "चौदाशे वर्षांचा म्हातारा पोरीच्या पायाशी बसला," आई म्हणाली, "आणि आमच्या गावाला सातशे वर्षं हे कीर्तनात ऐकून एक पोरगी आठवीला धाडता आली नाही."

एवढं टोकाचं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आजीबद्दल तर कधीच नाही. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "मायची चूक नव्हती. ओढ्याला पूर यायचा." मग आम्ही उठलो.

चौथा दिवस, गुरुवार 19 डिसेंबर : फैजपूर आणि परत जळगाव

आज ताईंचा वाढदिवस. सकाळी आईनं मोबाईलवर कोणीतरी टाकलेला त्यांचा फोटो मोठा करून पाहिला. पदर अजून डोक्यावर.

मुक्ताईनगरहून सावदामार्गे फैजपूर. या बाजूनं निघालं की कपाशी मागे पडते आणि केळी सुरू होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवी भिंत, खाली ठिबकच्या काळ्या नळ्या, मध्येच ट्रकमध्ये घड रचणारे मजूर, खांद्यावर गोणपाटाची घडी. सावदा-रावेरच्या केळीला तापीची ही गाळाची जमीन मानवते.

फैजपूरला मला जायचं होतं ते 1936 साठी. 27 आणि 28 डिसेंबरला काँग्रेसचं अधिवेशन इथे भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. गांधीजींचा आग्रह की काँग्रेसनं शहर सोडून गावात यावं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. मंडप आणि सजावट नंदलाल बोस यांनी गावच्याच वस्तूंनी, बांबू आणि गवतानं उभी केली. धनाजी नाना चौधरींसारख्या माणसांनी या भागातली खेडीच्या खेडी कामाला लावली. शेतसाऱ्याचा, कर्जाचा, कसणाऱ्याच्या हक्काचा शेतीविषयक कार्यक्रम इथेच मंजूर झाला. नाडगावात प्रतिभाताई तेव्हा नुकत्या दोन वर्षांच्या झाल्या होत्या. देशाचं राजकारण पहिल्यांदा खेड्यात आलं ते त्यांच्या घरापासून काही कोसांवर, तापीच्या पलीकडे. पुढे त्याच मातीतून कोणी दिल्लीला गेलं याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही.

धनाजी नानांच्या नावाचं कॉलेज फैजपुरात आहे. आई रस्त्यावरून त्याकडे पाहत होती. मी या वेळी काहीच म्हटलं नाही.

केळीचे वेफर्स घेतले, भुसावळमार्गे दोनच्या सुमाराला जळगावला आलो. गाडीला साडेतीन तास होते. मी स्टेशनच्या वेटिंग रूमकडे वळत होते, तर आई थांबली.

"ते कॉलेज किती लांब आहे इथून?"

"एम. जे.? रिक्षानं पाच-सात मिनिटं."

"चल मग."

या वेळी ती रिक्षातून माझ्या आधी उतरली. फाटकावरच्या माणसानं विचारलं, "कोणाकडे जायचंय आजी?"

"कोणाकडे नाही. कॉलेज पाहायचंय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. त्यानं वही पुढे सरकवली: नाव, गाव, काम, वेळ, सही. बँकेत, दवाखान्यात, कुठेही असा कागद पुढे आला की आई तो माझ्याकडे सारते. सवयीनं माझा हात पुढे गेला. तिनं वही स्वतःकडे ओढली, चष्मा नाकावर सरकवला आणि पेन घेतलं.

सातवी फायनलचं अक्षर, गोल, सुटं, ओळीवर नीट टेकलेलं. नाव पूर्ण लिहिलं. गावाच्या रकान्यात नाशिक न लिहिता माहेरचं नाव लिहिलं. कामाच्या रकान्यापाशी थोडी थांबली आणि लिहिलं, "कॉलेज".

सही करून तिनं वही परत दिली. पदर सारखा केला आणि आत चालायला लागली.